डेनॉन डीएल-१०३ टेक्निक्सच्या टोनआर्मवर बसवताना

डेनॉनचं डीएल-१०३ हे कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्डची खाच सुईने वाचून तिचा विद्युत सिग्नल करणारी डबी, हट्टी म्हणून ओळखलं जातं. एका टर्नटेबलवर ते भरदार वाजतं. तेच काढून दुसऱ्यावर लावलं की बास पातळ होतो, ‘स’ आणि ‘श’ फाटतात, तारसप्तकात आवाज टोचायला लागतो. कार्ट्रिज तेच, तबकडी तीच, बदललेला असतो तो टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा हात. नाशिकमध्ये हे कार्ट्रिज टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर बसवताना जे मोजलं, जे बदललं आणि जे लावून पुन्हा काढलं, ते इथे क्रमाने देतो आहोत. ज्यांच्याकडे दुसरा टोनआर्म आहे त्यांनी आकडे आपले घालावेत, गणित तेच राहतं.

हे कार्ट्रिज १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलं गेलं. रेडिओ केंद्रावर रेकॉर्ड रोज हाताळल्या जात, टोनआर्म जड असत, आणि सुईने वर्षानुवर्षं एकसारखं वाजणं ही पहिली गरज होती. त्यामुळे गोल टोकाची सुई, कडक सस्पेन्शन (सुईला आधार देणारं रबर) आणि सुईचा तबकडीवर २.५ ग्रॅमचा भरघोस दाब असा त्याचा बांधा ठरला. घरगुती टोनआर्म पुढे हलके होत गेले, कारण त्या काळात मऊ सस्पेन्शनची कार्ट्रिजं आली. १०३ मात्र जसं होतं तसंच राहिलं. हट्ट म्हणतात तो इथून येतो.

कामाचे आकडे असे: कार्ट्रिजचं वजन ८.५ ग्रॅम, दाब २.५ ग्रॅम (०.३ कमी-जास्त चालतो), आउटपुट ०.३ मिलीव्होल्ट, कॉइलचा इम्पीडन्स ४० ओहम, आणि कंप्लायन्स ५. या शेवटच्या आकड्यापाशी बहुतेकांचं गणित चुकतं. कंप्लायन्स म्हणजे सुईला किती जोर लावला तर ती किती हलते. एकक मायक्रोमीटर दर मिलीन्यूटन. युरोपीय कंपन्या हा आकडा १० हर्ट्झला मोजून देतात, डेनॉन मात्र जपानी पद्धतीप्रमाणे १०० हर्ट्झला मोजते. रबराचं सस्पेन्शन जलद हालचालीला जास्त कडक वागतं, म्हणून १०० हर्ट्झचा आकडा लहान दिसतो. तो १० हर्ट्झवर आणायचा तर दीडपट ते दुप्पट करावा लागतो. म्हणजे १०३ चा खरा उपयोगी कंप्लायन्स ७.५ ते १० च्या दरम्यान. पाचाचा आकडा तसाच सूत्रात टाकला तर उत्तर इतकं भीतीदायक येतं की माणूस अवजड टोनआर्मच्या मागे लागतो. त्याची गरज नसते.

सूत्र सोपं आहे. टोनआर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईच्या जागी जाणवणारं त्याचं वस्तुमान), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू-नटांचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कंप्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. ही टोनआर्म-कार्ट्रिज जोडीची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे रेझोनन्स. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवी. ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीची एक फेरी म्हणजे सुमारे ०.५५ हर्ट्झ. वाकलेल्या तबकडीचे चढ-उतार साधारण सहा हर्ट्झपर्यंत पोचतात, आणि जमिनीवरून चालणाऱ्या पावलांचा हादराही त्याच भागात पडतो. रेझोनन्स तिथे आला तर टोनआर्म डोलू लागतो आणि वूफरचा कोन कारण नसताना आतबाहेर होतो. वरच्या टोकाला २० हर्ट्झपासून संगीत सुरू होतं. रेझोनन्स १४-१५ वर गेला की त्याचा उतार मंद्र स्वरांत शिरतो, आणि सुईने खाच वाचायची त्याऐवजी अख्खा टोनआर्मच सुईबरोबर हलायला लागतो. त्यामुळे बास कमी येतो आणि कमी असूनही तो सैल वाटतो.

एमके२ च्या टोनआर्मचं इफेक्टिव्ह मास सोबतच्या ७.५ ग्रॅमच्या हेडशेलसकट (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवण्याचा तुकडा) १२ ग्रॅम आहे. त्यात ८.५ आणि स्क्रू-नटांचा एक ग्रॅम मिळवला की २१.५. कंप्लायन्स १० धरला तर १०.८ हर्ट्झ, ७.५ धरला तर १२.५. पहिलं उत्तर उत्तम, दुसरं रेषेच्या जरा बाहेर. दोनपैकी खरं कोणतं हे कागदावर ठरत नाही. ते ठरवायला रेझोनन्सचे ट्रॅक असलेली टेस्ट रेकॉर्ड लागते. तिच्यात ऐकू येणाऱ्या सुराखाली मंद कंपन मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू खाली उतरत जातं. ज्या आकड्याला सूर थरथरतो आणि कार्ट्रिज नुसत्या डोळ्यांना हलताना दिसतं, तो तुमचा रेझोनन्स. आडवा आणि उभा असे दोन्ही ट्रॅक वाजवून बघा. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने मारली तर हालचाल चुकत नाही.

कंपनीच्या हेडशेलवर ही थरथर १२ ते १३ हर्ट्झच्या दरम्यान दिसली. उलट हिशेब केला तर आमच्या नगाचा कंप्लायन्स साडेसातच्या आसपास निघतो. कानालाही तेच सांगत होतं: तबल्याच्या डग्ग्याची घुमारी होती, पण तिला बूड नव्हतं.

ज्यांच्याकडे प्रो-जेक्टच्या डेब्यू जातीचा ६ ग्रॅमचा कार्बन टोनआर्म आहे त्यांचं उत्तर याच कंप्लायन्सला १४.७ येतं. तिथे १०३ लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या टोनआर्मला ऑर्टोफॉन टू-एम रेड शोभतं, ७.२ ग्रॅम वजन आणि २० कंप्लायन्स. रेगाचे ११ ग्रॅमच्या आसपासचे टोनआर्म टेक्निक्सच्याच रांगेत बसतात आणि पुढे दिलेला उपाय त्यांनाही लागू पडतो. फक्त त्यांचं हेडशेल निघत नाही आणि उंची वाढवायला टोनआर्मच्या बुडाखाली चकत्या घालाव्या लागतात.

आमच्या एमके२ वर रेझोनन्स खाली आणायचा होता, म्हणजे वस्तुमान वाढवायचं, आणि तेही पुढच्या टोकाला. टोनआर्मच्या पिव्हटपासून (तो फिरतो त्या बिंदूपासून) अंतराच्या वर्गाने त्याचा परिणाम होतो, म्हणून सुईजवळ ठेवलेला एक ग्रॅम जवळजवळ पूर्ण मोजला जातो, नळीच्या मध्यावर ठेवलेला पाव. सर्वांत सरळ मार्ग जड हेडशेलचा. ऑडिओ-टेक्निकाची एटी-एलएच मालिका १३, १५ आणि १८ ग्रॅमची आहे, नावातच वजन आहे. १५ ग्रॅमच्या हेडशेलने एकूण २९ होतात आणि रेझोनन्स १०.८ वर येतो. आवाजाच्या बाजूने तक्रार नव्हती. अडचण मागच्या टोकाला आली. एमके२ चं काउंटरवेट (तोलासाठी टोनआर्मच्या मागे बसवलेलं वजन) हेडशेलसकट १७.५ ग्रॅमपर्यंतचं ओझं पेलतं, सोबतचं जादा वजन मागे स्क्रूने बसवलं तर २०.५. जड हेडशेल, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून २४.५ होतात. तोल लागतच नाही. मागे आणखी जड वजन लेथवर करून घेता येतं. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत असं बारीक काम करणारी वर्कशॉपं आहेत. आटे जुळण्यासाठी मूळ वजन नमुना म्हणून सोबत न्यावं. तरीही ते हेडशेल आम्ही काढलं, कारण कंपनीच्या दोन वजनांत भागणारा उपाय हाताशी होता.

तो उपाय म्हणजे हेडशेल आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये पितळेची पट्टी. हिशेब उलटा सुरू करा: २०.५ ही मर्यादा, त्यातून ७.५, ८.५ आणि १ वजा केले की साडेतीन ग्रॅम शिल्लक राहतात. २५ मिलीमीटर लांब, १५ रुंद आणि १ मिलीमीटर जाड पितळी पट्टीचं वजन ३.२ ग्रॅम भरतं, भोकं पाडल्यावर तीनच्या जरा वर. एकूण ओझं २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत. एकूण वस्तुमान २४.५, रेझोनन्स ११.७. टेस्ट रेकॉर्डवर थरथर बरोबर तिथेच, १२ च्या किंचित खाली उतरली. पितळ निवडायचं कारण वजनाइतकंच त्याचं अचुंबकीय असणं. १०३ मध्ये चांगला जोरदार चुंबक आहे. त्याच्या डोक्यावर लोखंडी तुकडा ठेवू नये.

पट्टी कापणं सोपं, सपाट करणं महत्त्वाचं. कात्रीने कापलेल्या पत्र्याच्या कडा वळतात. म्हणून करवतीने कापा, मग काचेवर ४०० नंबरचा पॉलिशपेपर पसरून दोन्ही बाजू घासा, जोवर घासल्याची खूण पूर्ण पृष्ठभागावर सारखी दिसत नाही. भोकांच्या केंद्रांतलं अंतर १२.७ मिलीमीटर, स्क्रू एम-२.५, म्हणून भोक २.७ चं. पट्टीची मागची कड कार्ट्रिजच्या पिनांपासून दोन मिलीमीटर अलीकडे थांबली पाहिजे, नाहीतर वायरच्या क्लिपा पितळेला टेकून शॉर्ट होतात आणि एक चॅनेल गप्प होतो. कडा घासून बोथट करा आणि पितळेचा कीस पूर्ण पुसून काढा, तो सुईच्या आसपास जाता कामा नये.

हेडशेलवर चिकणमाती किंवा ब्लू-टॅक चिकटवून वजन वाढवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. गणितात ते बसतं. पण १०३ चं कडक सस्पेन्शन सुईची बरीच ऊर्जा कार्ट्रिजच्या प्लास्टिकच्या अंगात आणि तिथून हेडशेलमध्ये ढकलतं. घट्ट दाबून बसलेली धातूची पट्टी ती ऊर्जा पुढे नेते, वरून चिकटवलेला मऊ गोळा तसं करत नाही. फरक ऐकू येतो, विशेषतः सतारीच्या आघाताच्या कडेला. याच कारणाने टोनआर्मचे बेअरिंग आधी तपासावेत. टोनआर्म तोलात तरंगता ठेवून हेडशेल दोन बोटांनी अलगद मागेपुढे करून बघा. टकटक जाणवली तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे, आणि ती काढल्याशिवाय या कार्ट्रिजचा नाद करू नये.

आता बसवणं. १०३ च्या कानांना आरपार भोकं आहेत, आटे नाहीत, म्हणून खालून नट लावावे लागतात. पट्टीमुळे स्क्रू एक मिलीमीटर जादा लांब लागतो. अंग प्लास्टिकचं आहे. घट्ट म्हणजे बोटांत धरलेल्या लहान पेचकसाने जेवढं घट्ट होतं तेवढंच. पेचकस लोखंडी असेल तर चुंबक तो झटक्यात ओढून घेतो आणि सुई जाते, त्यामुळे काम संपेपर्यंत सुईचं झाकण काढू नका. वायरी: पांढरी डावा धन, निळी डावा ऋण, लाल उजवा धन, हिरवी उजवा ऋण. क्लिप चिमट्याने धरून पिनेवर सरकवा. बसत नसेल तर क्लिप उघडा, पिनेवर जोर देऊ नका. पिनेला थेट सोल्डर कधीच करायचं नाही, आतल्या केसासारख्या तारेचा जोड उष्णतेने सुटतो.

सुईची जागा. टेक्निक्सची रीत अशी की हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलीमीटर ठेवायचे. पिव्हट ते स्पिंडल (तबकडीच्या मधली खुंटी) २१५, टोनआर्मची इफेक्टिव्ह लांबी (पिव्हट ते सुई) २३०, ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढे जाते ते अंतर) १५. यातून सुई खाचेला बरोबर स्पर्शरेषेत येते त्या दोन जागा स्पिंडलपासून ५८.८ आणि ११३.५ मिलीमीटरवर पडतात. बाजारात मिळणारे बहुतेक प्रोट्रॅक्टर (सुईची जागा मोजायचे तक्ते) बेअरवाल्ड पद्धतीचे, ६६ आणि १२०.९ चे. ते या टोनआर्मवर पाळायचे तर ओव्हरहँग जवळपास १७.८ करावा लागतो आणि कार्ट्रिज हेडशेलमध्ये दीड-पावणेदोन अंश आत वळवावं लागतं. तबकडीच्या सरासरीवर बेअरवाल्ड सरस आहे यात शंका नाही. पण आमचा कौल ५२ ला आहे. ख्यालाच्या रेकॉर्डवर द्रुत लय आणि तानांची झड बाजूच्या शेवटी, म्हणजे लेबलाजवळच्या खाचांत येते, जिथे खाचेतल्या लहरी सर्वांत दाट असतात. टेक्निक्सची मांडणी नेमकी तिथली विकृती कमी ठेवते. शिवाय गोल टोकाची सुई कोनाच्या बारीक चुकीला लंबवर्तुळी सुईइतकी रागावत नाही. मोजताना कार्ट्रिजच्या अंगाच्या कडा बघू नका, कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक काडी) बघा. पुढच्या बाजूची उभी पांढरी रेघ सुई उतरवायला सोयीची आहे, कोन ठरवायला नाही.

पट्टीने सुई एक मिलीमीटर खाली आली, म्हणून टोनआर्मही तितकाच वर घ्यायचा. आधी लॉक सोडा, मग उंचीची रिंग फिरवा. लॉक न सोडता फिरवली तर आतले आटे खराब होतात. सुई तबकडीवर असताना नळी तबकडीला समांतर दिसली की पुरे.

दाबासाठी काउंटरवेटवरच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. एमके२ ची खूण २.५ ला संपते आणि जादा वजन लावल्यावर ती नेमकी राहत नाही. वजनकाटा हवा, ०.०१ ग्रॅमचा. इथे पुन्हा चुंबक आडवा येतो: सराफी वापराच्या छोट्या काट्याची ताटली लोखंडी असेल तर ती कार्ट्रिज खाली ओढते आणि काट्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. सुई लावण्याआधी कार्ट्रिज ताटलीपासून दोन सेंटीमीटरवर धरून आकडा हलतो का बघा. हलला तर प्लास्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा उंचवटा ठेवून त्यावर मोजा, पण मोजण्याची उंची तबकडीच्याच पातळीला आणा. एमके२ चं ताट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथे ही भीती नाही. लोखंडी ताटाच्या जुन्या यंत्रांवर मात्र वाजताना खरा दाब काट्यापेक्षा जास्त पडतो.

अँटिस्केट (टोनआर्मची आतल्या बाजूची ओढ रोखणारी योजना) दोनच्या आसपास. समोरून बघा, वाजताना कँटिलिव्हर एका बाजूला झुकत नसेल तर झालं.

दाब २.५ ठेवला आणि उन्हाळ्यात सगळं नीट वाजलं, तरी नाशिकच्या थंडीत हेच कार्ट्रिज पुन्हा कुरकुरतं. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली. थंडीने सस्पेन्शनचं रबर आखडतं, कंप्लायन्स घटतो, रेझोनन्स वर सरकतो आणि मोठ्या आवाजाच्या जागा फाटतात. अशा वेळी सुई झिजली असं समजून नवीन कार्ट्रिज मागवू नये. खोली २० अंशांवर येऊ द्या, आधी एखादी कमी महत्त्वाची बाजू वाजवून रबर मोकळं होऊ द्या. तरीही फाटलं तर दाब २.७ करा, २.८ ही कंपनीची वरची हद्द आहे. मार्चमध्ये पुन्हा २.५ वर आणायला विसरू नका. हीटरचा झोत टर्नटेबलवर सोडणं तबकडीला मारक आहे. पावसाळ्यात त्रास वेगळा: हेडशेलच्या मागच्या चार टिकल्यांवर दमट हवेने काळपट थर चढतो आणि एक चॅनेल अधूनमधून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरतो.

विजेची बाजूही यंत्राइतकीच काटेकोर आहे. ०.३ मिलीव्होल्ट साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजसाठीच्या फोनो प्रीअ‍ॅम्पच्या ४० डेसिबल वाढीला पुरत नाहीत. ६० च्या आसपास हवेत, आणि लोड (कार्ट्रिजला समोर दिसणारा रोध) १०० ओहम किंवा जास्त. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर वापरत असाल तर गुणोत्तराचा वर्ग करून ४७,००० ला (एमएम फोनोचा नेहमीचा इनपुट रोध, ओहममध्ये) त्याने भागा, कार्ट्रिजला तेवढा लोड दिसतो. १:१० ला ४७० ओहम आणि ३ मिलीव्होल्ट. १:२० ला सुमारे ११७ ओहम आणि कागदावर ६ मिलीव्होल्ट. १:३० घेतला तर लोड ५२ वर येतो, कार्ट्रिजच्या स्वतःच्या ४० च्या इतका जवळ की जवळपास निम्मा सिग्नल आतच राहतो. १:१० वर आवाज मोकळा होता, १:२० वर वरचे स्वर जरा दबले. आम्ही १:१० वर थांबलो. ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा आणि फिरवून गुणगुण सर्वांत कमी कुठे होते ते शोधा. जुन्या वाड्यांत भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग नसतं. तिथे गुणगुण कार्ट्रिजची समजून वायरी उकलत बसण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

एवढं जुळल्यावर मोनो रेकॉर्डवर या गोल सुईची खरी किंमत कळते. नाशिकात जन्मलेल्या द. वि. पलुसकरांचं जुनं ध्वनिमुद्रण एलपीवर असेल तर ते या जोडीवर अवश्य ऐकावं. तानपुऱ्याच्या खर्जाला आता बूड आहे आणि गळ्याची फिरत कडेला टोचत नाही. त्यांच्याच मूळ ७८ च्या तबकड्यांवर मात्र ही सुई ठेवू नका. १०३ चं टोक १६.५ मायक्रॉन त्रिज्येचं आहे. ७८ ची खाच कितीतरी रुंद असते, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि सुईही खराब होते. एमके२ चं हेडशेल निघतं, त्याचा इथे फायदा घ्या: ७८ च्या सुईचं एमएम कार्ट्रिज दुसऱ्या हेडशेलवर कायमचं बसवून ठेवा, त्याच्या पट्टीची जाडी अशी निवडा की उंचीची रिंग हलवावी लागणार नाही, आणि दोन्ही हेडशेलांच्या डबीवर दाब, रिंगचा आकडा आणि जादा वजन लागतं की नाही हे लिहून चिकटवा. १०३ चं हेडशेल परत लावताना मागचं जादा वजन आधी, हेडशेल नंतर, आणि दाब दर वेळी काट्यावर.